त्याच कापडाचा धागा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, कपड्याला पडलेलं भोक हा स्वतःचा अपमान वाटतो. डोळ्यांच्या दुखण्यात गेलेले मधले चार महिने सोडले तर चाळीस वर्षं ते रफू करताहेत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी टेबल, दिवा, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर सहा वर्षांपासून मी. बाहेरचा धागा ते हाताला लावू देत नाहीत. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, धागा काढायचा. "रिळातला धागा कितीही जुळवा, दोन धुण्यांत चुगली करतो," असं त्यांचं म्हणणं.

हे काम पापणी न लववता करायचं. त्यातच आबांचे डोळे कोरडे पडत गेले. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. नातेवाइकांनी त्यावरही कुजबुज केली. माणूस आतून पार कोलमडला होता, पण डोळ्यांत पाणीच नव्हतं. त्या लोकांचा मला अजून राग येतो.

पुढे सकाळी डोळे उघडणंही जड जायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखमा झाल्यात, साध्या थेंबांनी भागणार नाही, आणि असंच चाललं तर नजर जाईल.

"तुमच्याच रक्तातून थेंब बनवू," त्या म्हणाल्या.

आबा ताडकन उठले. "डोळ्यांत रक्त घालायचं?"

"लाल भाग काढून टाकतो, आजोबा. वरचं पिवळसर पाणी राहतं, त्याचे थेंब. जखम भरायला लागतं ते सगळं त्यात असतं."

आबा पुन्हा बसले. "म्हणजे त्याच कापडाचा धागा की! मग आधी सांगायचं नाही का?" आणि स्वतःच बाही वर केली.

छोट्या बाटल्या आमच्या फ्रीझरमध्ये आल्या. एका वेळी एकच बाहेर काढायची, सांगितलेले दिवस झाले की उरलेली टाकून द्यायची, थेंब दिवसातून आठ वेळा. मी घालते म्हटलं तर म्हणाले, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मीही सोडून दिलं. ती माझी चूक.

दीड महिन्याने तपासणीत जखम वाढलेली निघाली. "थेंब वेळेवर घालता ना?" या प्रश्नावर आबा सरळ चेहऱ्याने "हो तर," म्हणाले.

घरी येऊन फ्रीझर उघडला. बर्फाच्या ट्रेमागे बहुतेक बाटल्या तशाच होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आबा, दिवसातून कितीदा घालता?"

"दोनदा. कधी एकदा. संपेपर्यंत तीच बाटली."

"का पण?"

"शिवणीत धागा असतो तरी किती? जपूनच काढावा लागतो."

"अहो, रक्त पुन्हा तयार होतं! परत काढता येतं!"

"ते ठाऊक आहे मला." त्यांनी टेबलावरची सुई इकडून तिकडे सरकवली. मग म्हणाले, "महिनाभर बघतोय, तुझे डोळे लाल असतात. या खुर्चीवर मीच बसवलं तुला. म्हटलं, थोडे थेंब तुला राहू देत."

"माझं कापड वेगळं आहे, आबा," मी म्हटलं. "तुमचा धागा मला कसा चालेल? तुम्हीच शिकवलंत ना?"

चाळीस वर्षं रफू करणाऱ्या कारागिराने मान खाली घातली. आणि मला रडूच फुटलं. रागाने, मायेने, कशाने ते मला सांगता येणार नाही.

आबांनी भिंग उचललं आणि कापड तपासावं तसं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"पाणी येतंय की तुला," ते केवढ्या आनंदाने म्हणाले! "चांगलं भरपूर येतंय. मग नाही लागायचे तुला." खुर्ची मागे सरकवून त्यांनी मान वर केली. "घाल आता. आठही वेळा तूच घाल."

मी बाटली जरा जोरातच दाबली. एकाऐवजी दोन थेंब पडले, आणि सासूबाई गेल्या तेव्हाही कोरडा राहिलेला आबांचा गाल मी पहिल्यांदाच ओला पाहिला.