बटणावरचे रातांब्याचे डाग

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडल्याचा आंबूस वास आला की मला ती दुपार आठवते. घरच्या कॉम्प्युटरवर अचानक भोंगा वाजू लागला आणि पडद्यावर अक्षरं आली: व्हायरस शिरलाय, बंद केलात तर सगळं पुसलं जाईल, या नंबरवर फोन करा. वारलेल्या बाबांचे सगळे फोटो त्यातच होते. मी घाबरून फोन लावला. पलीकडचा माणूस स्पीकरवरून "कॉम्प्युटर बंद करू नका" असं बजावत पासवर्ड मागू लागला, तोच मागीलदारी रातांबे फोडणारी आई आत आली. "माझ्या घरात काय बंद करूचा, ता माका सांगणारो तू कोण रे?" असं फोनवर ओरडून तिने रसाने माखलेल्या हातानेच भिंतीवरचं बटण बंद केलं. संध्याकाळी कॉम्प्युटर लावला, तर बाबा होते तसेच हसत होते. बटणावरचे लाल डाग मी अजून पुसलेले नाहीत. परवा मोबाईलवर तशीच धमकी आली, तेव्हा मीही "तू कोण रे?" म्हणत फोन बंद केला आणि उन्हात वाळत घातलेली कोकमाची सोलं उलटायला गेले.