पाय मोडणाऱ्याला ओवाळलं

हडपसरला दवाखान्यासमोर आमची शहाळ्यांची गाडी असते. उन्हाळ्यात नगरसेवकाच्या पोरांनी त्याच्या सभेच्या मांडवासाठी गाडी हलवायला सांगितली. माझ्या नवऱ्याने नाही म्हटलं. पोरांनी रॉडने त्यांचा गुडघा फोडला. चौकीत लिहून घेतलं, पाय घसरून पडले.

तेव्हापासून गाडी मी लावते. धाकटा दीर आमच्यातच राहतो. त्याने बोलणंच सोडलं होतं. त्याचीच मला धास्ती.

मग निवडणूक आली. त्याच नगरसेवक साहेबांची पदयात्रा आमच्या गल्लीतून जाणार, असं सकाळी रिक्षा ओरडून गेली. मी गाडीवर जायला निघाले तर पोत्याखाली शहाळी सोलायचा कोयता नव्हता. दीर दाराआड उभा होता. एवढ्या उकाड्यात अंगावर शाल.

"भावजी, कोयता द्या. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"आज गाडी लावू नका, वहिनी."

"आणि तुम्ही जेलात गेल्यावर ह्यांना उचलून मोरीत कोण नेणार?"

त्याने शाल घट्ट आवळली. ढोल जवळ येत होता.

मला चारचौघांत बोलता येत नाही. पोलिसाला सांगावं तर दीरच आत जाणार. आमच्या गल्लीत उमेदवार आला की बाया दारात ओवाळतात. मी तबक केलं आणि बाहेर पायरीवर उभी राहिले. आमच्या दारातून एका वेळी एकच माणूस निघतो, ते मी अडवलं. साहेबांनी चप्पल काढली, मान झुकवली. मागे दाराआडच्या दिराचा धक्का लागून कडी वाजली. मी निरांजन फिरवतच राहिले.

"बास ताई, अजून अख्खी गल्ली राहिलीय," साहेब हसले.

गर्दी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी हलले नाही.

आत खाटेवरून ह्यांनी सगळं पाहिलं होतं. "ज्याने पाय मोडला त्याला ओवाळलंस," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. खरं सांगावं तर भाऊ काय करायला निघाला होता तेही सांगावं लागेल. मी गप्प बसले. अजून ते माझ्याशी बोलत नाहीत.

कोयता मी दिराकडून काढून घेतला. दिवसा त्याने शहाळी सोलते, रात्री उशाखाली ठेवते. जरा खुट्ट झालं की चाचपते.

काल निकाल लागला, साहेब निवडून आले. मिरवणूक आज संध्याकाळी इथूनच. मघाशी दीर भाकरी मोडत म्हणाला, "काय वहिनी, आजपण ओवाळणार का?"

"वाती वळून ठेवल्यात," मी म्हटलं.

त्याने पोत्याकडे पाहिलं. कोयता माझ्या मांडीखाली होता.