गाडीचा दम, माझी जीभ

गोंदिया जिल्ह्यात शिरलं की आधी पाणी दिसतं. रस्त्याच्या एका अंगाला तलाव, जरा पुढे दुसऱ्या अंगाला बोडी (शेतातलं छोटं तळं), आणि मधल्या सगळ्या जागेत बांध्या (धानाची बंदिस्त शेतं). मी पोचलो तेव्हा कापणी उरकली होती. खुंटांवर बगळे उतरले होते आणि हवेत पेंढ्याचा कोरडा, गोडसर वास होता. पुण्याहून निघून नागपूरला मुक्काम केला होता. गाडीने वाटेत एकदाही कुरकूर केली नव्हती, त्यामुळे मी खुशीत होतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली. पुढे जे घडलं ते अडाणीपणातून घडलं, असं कुणाला वाटू नये.

धनलाल पटले त्याच कारखान्यात काही वर्षं माझ्या हाताखाली होता. वडील गेल्यावर तो शेती पाहायला दवनीवाड्याला परतला. दर हिवाळ्यात फोन करायचा, "या ना साहेब, सारस दाखवतो." यंदा गेलो. आधी नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरात थांबलो. काळ्या दगडाच्या गार फरशीवर पाय निवले, पुजाऱ्याने प्रसादाची साखर दिली, आणि दुपारी मी धनलालच्या अंगणात बाजेवर बसलो होतो.

घरात चौघं. धनलाल, त्याची बायको सुनीतावहिनी, मुलगी मनीषा आणि धाकटा भाऊ टेकचंद. यांचे पूर्वज माळव्यातून आलेले. आपसात ही माणसं पोवारी बोलतात, माझ्याकडे वळली की मराठी, आणि टीव्हीकडे वळली की हिंदी. वहिनींनी लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, बाहेरून कडक आणि आतून भुसभुशीत. सोबत नव्या तांदळाचा भात. तो इतका वासाचा, की मी आधी नुसताच खाल्ला.

जेवण अंगावर आलं. गाडीत डिझेल संपत आलं होतं, पण उठवेना. ते ऐकून टेकचंद म्हणाला, "तुम्ही कायले जाता भाऊ? मी जाऊनच राहिलो तिकडं." रस्त्यावरच्या पंपावर त्याचा मुन्ना नावाचा लहानपणापासूनचा मित्र कामाला आहे. तिथून त्याने कॅन भरून आणला आणि स्वतःच माझ्या टाकीत ओतला.

संध्याकाळी त्यानेच सारस दाखवले. टेकचंद कमी बोलतो. एका धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) त्याने मला हाताने थांबवलं आणि नुसतं बोट केलं. पाण्याच्या कडेला जोडी उभी होती. माणसाच्या खांद्याएवढी उंच, राखाडी, डोकं लाल. नराने मान वर करून साद घातली, तिने तिची जोडली, आणि तो आवाज सगळ्या शिवारावरून गेला. टेकचंद माझ्याकडे पाहून हसला. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो.

दुसऱ्या दिवशी मनीषाला रायपूरला जायचं होतं. नर्सच्या जागेसाठी तिची परीक्षा होती आणि गोंदियाहून रेल्वेगाडी पकडायची होती. टेकचंदने मोटरसायकल पुसून दारात उभी केली होती. मी म्हणालो, "अहो, दारात चारचाकी असताना पोरीला बॅग घेऊन धुळीतून कशाला नेता? मी सोडतो." टेकचंदने मोटरसायकल पुन्हा आत लावली.

मनीषा मागे बसली, धनलाल माझ्या शेजारी. वाटेत मी टर्बोचं पुराण लावलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून लहान इंजिनही मोठ्यासारखं ओढतं. "पाह्यचंय?" मी मनीषाला तिकडच्या मराठीत विचारलं आणि पेंढा लादलेल्या ट्रॅक्टरला मागे टाकायला पाय पूर्ण दाबला.

फट्ट असा आवाज झाला. मग फुसफुस. ट्रॅक्टर पुढेच राहिला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, आरशात काळा धूर दिसला. पाय कितीही दाबला तरी गाडी ढिम्म. शाळेला निघालेल्या सायकली आम्हाला ओलांडून गेल्या. मी गाडी कडेला घेतली. मनीषाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच हात ओढणीखाली घेतला.

धनलालने टेकचंदला फोन लावला. आवाज बाहेर ऐकू येत होता. "गाडी बंद पडली का?" टेकचंदने विचारलं. धनलालने माझ्याकडे पाहिलं, आणि मी फोनकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "डिझेल खराब आहे त्या कॅनमधलं. पाणी मारलंय त्यात. बाटलीतलं, कॅनमधलं मी कधी घेत नाही, काल घेतलं!"

टेकचंद एवढंच म्हणाला, "आलो."

काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. हे मी नोकरीत नव्या पोरांना शिकवलेलं आहे. पाणी मिसळलेल्या डिझेलवर गाडी आचके देते, बंद पडते. अशी एका दमात फुसकी होत नाही. मी बोलत होतो तेव्हाच हे मला कळत होतं. पण नुकतीच फुशारकी मारून झाली होती, पोरीची गाडी चुकत होती, आणि दोष कुठेतरी टाकायचा होता. जो समोर नव्हता, त्याच्यावर टाकला.

टेकचंद आला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. बॅग टाकीवर घेतली, मनीषा मागे बसली. "काका, टेन्शन घेऊ नका," ती मला म्हणाली. मोटरसायकल दिसेनाशी झाली.

मी बॉनेट उघडलं. धनलाल पाहत होता, म्हणून आधी फिल्टरच्या तळातलं डिझेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं. त्याने बाटली उन्हात धरली. "साफच दिसून राहिलं साहेब," तो हळूच म्हणाला. मी नुसता हुंकार दिला. मग त्याला आत बसवून इंजिन चालू करायला लावलं आणि कान लावला. त्याने पाय दाबला की पुढच्या बाजूने, खालून, हवा सुटत होती. वाकून पाहिलं. टर्बोची दाबलेली हवा ज्या जाड रबरी नळीतून जाते, ती तोंडावरून निसटून बाजूला लोंबत होती. तिला आवळणारी पट्टी सैल होती.

ती मीच सैल सोडली होती. निघायच्या आदल्या दिवशी आतलं तेल पुसायला ती नळी मी काढली, परत बसवली, पट्टी बोटांनी फिरवली. पेचकस आणायला घरात गेलो तर पाहुणे आले होते. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि बॉनेट मी तसंच लावून टाकलं. सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने, इथवर ती टिकली होती.

इंजिन निवू दिलं, नळी बसवली, पट्टी आवळली. गाडी बंद करून पुन्हा चालू केली, थोडी पळवून आणली. दम परत आला होता. धनलालला नळी-पट्टीतलं सगळं कळतं, कारखान्यातला माणूस आहे. तरी तो म्हणाला, "डिझेलमधलं पानी खाली बसलं असन. आता पकडलं गाडीनं." माझी लाज झाकायला तो खोटं बोलत होता.

आणि मी म्हणालो, "असेल."

आज विचार करतो तेव्हा रस्त्यावरच्या त्या आरोपापेक्षा हा एक शब्द मला जास्त टोचतो. आरोप घाईत केला होता, हे शांतपणे.

आम्ही घरी आलो. थोड्या वेळाने टेकचंद परतला तेव्हा त्याचा चेहरा घामाने भिजला होता. "भेटली गाडी. उभीच होती," तो भावाला म्हणाला. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "अन् मुन्नाले झापून आलो. चार लोकांत. माह्या पाहुन्याच्या गाडीत पानी टाकलं म्हनून. तो शपथ घेऊन राहिला, मी ऐकलं नाही. तोंड पाहनार नाही म्हनलं त्याचं."

धनलाल खाली पाहू लागला. मी सांगितलं. नळी, पट्टी, पुणं, सगळं. डिझेल चांगलं होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं, हेही सांगितलं.

"मालूम होतं त काऊन बोलले?" टेकचंदने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कारण हवं होतं. मी गाडीची किल्ली उचलली.

"चला," मी म्हणालो, "मुन्नाकडे."

पंपावर ट्रॅक्टर होते, मोटरसायकली होत्या. मुन्ना, काटक बांध्याचा माणूस, डिझेल भरत होता. टेकचंद गाडीतून उतरलाच नाही. मी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की चूक माझी होती, तुमचं डिझेल साफ होतं, टेकचंदला मीच खोटं सांगितलं. ट्रॅक्टरवाले पाहत राहिले. मुन्नाने नळी जागेवर अडकवली.

"साहब, आप तो चले जाओगे," तो म्हणाला. "इथं मले राह्यचं आहे. अन् तुमच्या बोलन्याचं नाही लागलं मले. तुम्ही मले ओळखत नाही." त्याने गाडीकडे पाहिलं. "तो ओळखते."

मग त्याने पुढच्या ट्रॅक्टरला हात केला.

त्या संध्याकाळी वहिनींनी लाखोरीची सुकी भाजी केली. टेकचंदने मला आग्रहाने वाढलं, पण त्याच्या पानातलं तसंच राहिलं. सकाळी मी निघालो. गाडी अगदी छान ओढत होती, आणि मला तिचा आवाज ऐकवत नव्हता. घरी आल्यावर लोकांना सारस सांगितले, तांदूळ सांगितला. बाकीचं कुणी विचारलं नाही.

मनीषाची परीक्षा चांगली गेली. ते कळवायला टेकचंदचाच फोन आला. बोलणं झाल्यावर मी भीतभीतच विचारलं, "आणि मुन्ना?"

"बोलते," टेकचंद म्हणाला. पलीकडे कुठेतरी धानाचं मळणीयंत्र चालू होतं. "डिझेल टाकून देते, पैसे घेते, हिसाबापुरतं बोलते. पहिले मी गेलो की नळी दुसऱ्याच्या हाती देऊन माह्यासंगं चहाले निघे."