मार्सेयमधला डच माणूस

"टूरिस्ट!" हा शब्द तो नाक आक्रसून उच्चारायचा, जेवताना घासात केस लागावा तसा. लगेच पुढचं वाक्य ठरलेलं, "आपण टूरिस्ट नाही हं. आपण इथलेच."

इथलेच म्हणजे युरोपातले. मूळचा सांगलीचा. नेदरलँड्समध्ये आइंडहोवेनला माझ्याच कंपनीत चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करायचा आणि जवळच्या न्यूनेन गावात माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. डच पासपोर्ट मिळाला त्या दिवशी त्यानं ऑफिसात केक वाटला, आणि दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये आमच्या टेबलावर बसणं बंद केलं. तिथं डबे उघडत आणि मराठी चालत असे. तुम्ही परदेशात राहिला असाल तर असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल. नसेल तर सुखी आहात.

तरीही आम्ही एकत्र फ्रान्समध्ये मार्सेयला गेलो, कारण आमच्या बायकांचं छान जमायचं आणि तिकिटं त्यांनीच काढली होती. चार दिवस तो आमच्याशी मराठीत बोलला. तक्रार करायला त्याला दुसरी कुठली भाषा पुरत नसे. टॅक्सीवाल्याशी मात्र डचमध्ये. त्या फ्रेंच माणसाला एक अक्षर कळलं नाही, तर हा आम्हाला म्हणाला, "शिक्षण कमी आहे या लोकांचं."

टेकडीवरच्या चर्चपाशी सगळं शहर आणि निळाभोर समुद्र पायाखाली पसरला होता. त्यानं मोबाइल खिशातून काढला नाही. "फोटो टूरिस्ट काढतात." हॉटेलवर परतल्यावर हळूच म्हणाला, "तुझे फोटो पाठव जरा. ज्यात मी आहे ते."

तिसऱ्या दिवशी त्याची बायको दमून हॉटेलवर थांबली आणि आम्ही तिघं जुन्या बंदरावर जेवायला बसलो. धक्क्यावरच्या कोळणी उरलेली मासळी आवरत होत्या. माशांचं सूप नुकतंच आलं होतं. तो चमचा हातात घेऊन म्हणाला, "काय घाण वास मारतोय! यापेक्षा आपली सांगली बरी."

तेवढ्यात एक बाई जवळजवळ पळतच आमच्या टेबलाशी आल्या. सत्तरीच्या असाव्यात. साडी, पायात बूट, डोक्यावर टूर कंपनीची केशरी टोपी. धापा टाकत त्याला म्हणाल्या, "देवासारखे भेटलात हो! मी बाथरूमला गेले, बाहेर येऊन बघते तर आमची माणसंच नाहीत. पर्स, मोबाइल सगळं ह्यांच्याकडे. अडीचच्या आत बोटीवर या म्हणालेत."

त्यानं टोपीकडे पाहिलं, मग शेजारच्या टेबलावरच्या गोऱ्या लोकांकडे. आणि इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, आय अ‍ॅम डच."

बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. मग अगदी साधेपणानं म्हणाल्या, "अहो, आत्ताच तर सांगली म्हणालात. मी मिरजेची."

तो सूप ढवळत राहिला. खरं सांगतो, क्षणभर मीही मेनूकार्डात तोंड खुपसलं होतं. माझी बायको उठली तेव्हा मी उठलो. दीड वाजून गेला होता. टॅक्सी पकडली.

क्रूझचा धक्का शहरापासून चांगलाच लांब. रस्ता तुंबलेला. बाई साडीचा पदर मुठीत घट्ट धरून बसल्या होत्या. बायको त्यांना पाणी देत होती, "पोचू आपण, मावशी," म्हणत होती. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "माझा मुलगा कॅनडात असतो. कुणी भेटलं तर तोही असंच म्हणत असेल का हो?"

"नाही हो, मावशी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

धक्क्याच्या फाटकाशी त्यांचे यजमान उभे होते, बायकोची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून.  पर्स तिच्या हातात दिली आणि चष्मा काढून पुसायला लागले.

आम्ही परतलो तेव्हा आमचं सूप गार झालं होतं. त्याचं संपलं होतं. "पोचली?" त्यानं विचारलं. "भाषा येत नाही, काही नाही, कशाला येतात हे लोक?"

"तुझी आई येते की दर उन्हाळ्यात," मी म्हणालो.

त्यानं रिकामा बाऊल बाजूला सारला. मग म्हणाला, "तिला मी एकटीला कुठे सोडत नाही."

हे मात्र खरं होतं. न्यूनेनच्या तळ्याकाठी आईचा हात धरून तो सावकाश चालायचा, झाडांची नावं तिला मराठीत सांगायचा. मी पाहिलं होतं. म्हणूनच त्या दिवशी त्याचा जास्त संताप आला. माया कशी करायची हे त्याला ठाऊक होतं. ती फक्त घरच्यांपुरती ठेवली होती.

पुढे आमचं बोलणं 'हाय-हॅलो'वर आलं. मागच्या हिवाळ्यात त्याला द हेगला नोकरी लागली आणि तो घर विकून गेला. आम्हाला त्यानं कळवलंही नाही.

महिन्याभरानं त्याची शेजारीण, कुत्रा घेऊन फिरणारी म्हातारी डच बाई, मला रस्त्यात भेटली. त्याच्या भिंतीला भिंत लावून अकरा वर्षं राहिलेली.

"तो भारतीय गृहस्थ कुठे गेला?" तिनं विचारलं. "भला माणूस होता. नाव काय बरं त्याचं?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्याचं नाव सांगितलं, पुन्हा एकदा सावकाश सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. जमलं नाही, तशी मान हलवून ती कुत्र्यामागं निघून गेली.