दगडी कुऱ्हाड आणि हाताची घडी

इंजिनिअर झाल्यावर माझ्या वर्गातले बहुतेक जण हिंजवडीच्या कंपनी-बसमध्ये चढले. मी कोथरूडमधल्या एका तीन खोल्यांच्या ऑफिसात आदिमानवाच्या सेवेत रुजू झालो. आमच्या मॅडम संग्रहालयांसाठी हाताळून बघायची दालनं तयार करत. मी घरातला पहिला पदवीधर, वऱ्हाडातल्या तालुक्याच्या शाळेत शिकलेला, इंग्रजीत अडखळणारा. तरी त्यांनी अश्मयुगाचं अख्खं दालन माझ्यावर सोपवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

दालनाच्या मधोमध हातकुऱ्हाड होती. दांडा नसलेलं, मुठीत धरायचं हत्यार. आम्ही ती काळ्या दगडातच घडवून घेतली होती. उचलली की तिच्याखालचा, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेला स्विच सुटायचा आणि स्क्रीनवर कातडं सोलणारी माणसं दिसायची. संग्रहालयाच्या साहेबांना ही उचलाउचल पसंत नव्हती. एक शाळा बोलवा, मुलांनी हात लावला नाही तर सगळं काचेत जाईल, असं त्यांनी बजावलं.

शाळा आली ती जिल्हा परिषदेची, शहराबाहेरच्या एका गावातली. दारातच बाई म्हणाल्या, "हाताची घडी, तोंडावर बोट." चाळीस मुलं तशीच रांगेनं आली आणि पलीकडच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. वाटेतली 'कृपया हात लावून पाहावे' ही माझी पाटी प्रत्येकानं वाचली होती, मग बाईंकडे पाहिलं होतं, आणि तसाच पुढे सरकला होता.

साहेब मॅडमना म्हणाले, "मुलं फारच गुणी आहेत हो. काचेची मापं घेऊन ठेवा."

मला ती मुलं कळत होती. आमच्या शाळेत पृथ्वीचा गोल तपासणीच्या दिवशी कपाटाबाहेर यायचा आणि संध्याकाळी आत जायचा. मी तो एकदाही फिरवला नाही. पाटीचं कोण ऐकतं? शब्द बाईंचा.

मी त्यांच्याजवळ गेलो. "बाई, आधी आपण उचलून बघता का?"

"मी? आणि मोडलं तर?"

"दगड आहे, बाई. मोडला तर दुसरा घडवू."

त्यांनी पदर खोचला. कुऱ्हाड उचलली, दोनदा फिरवली, आणि अंगठा तिच्यावरच्या खळग्यात बरोबर बसला. स्क्रीन लागला, पण त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. "अगंबाई, मुठीचंच माप घेतलंय," त्या हळूच म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "हाताची घडी सोडा. एकेकानं यायचं."

एकेकानं कुणीच आलं नाही. सगळी एकदम आली. एका मुलीनं कुऱ्हाड डाव्या हातात धरून बघितली, उलटी करून बघितली. "सर, डावऱ्याची नाय का?"

उत्तर मागून साहेबांनी दिलं. "बरोबर विचारतेय ती. आणखी एक करा. दोन्ही बाहेरच राहू देत."

त्याच आठवड्यात मी दगड घडवणाऱ्याकडे नवं माप घेऊन गेलो. वहीच्या कागदावर पेन्सिलीनं आखलेला त्या मुलीचा डावा पंजा बाईंनी पोस्टानं पाठवला होता.