दत्तूने आईला पाडलं नव्हतं

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. आणि माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे आमच्या अख्ख्या भावकीला ठाऊक आहे! बारसं असो, साखरपुडा असो — जेवणं उरकली की कुणीतरी सतरंजी झटकतं, मी पोट सावरून बसतो आणि सुरू होतो. भांडवल फार नाही माझं. तीन-चार गोष्टी, त्याच फिरवून फिरवून सांगतो. त्यातली सगळ्यात जास्त चालणारी म्हणजे, माझ्या धाकट्या भावाने, दत्तूने, आईला समुद्रात कसं पाडलं ती.

ती गोष्ट खोटी आहे.

म्हणजे — थांबा. सगळी खोटी नाही. आई पडली हे खरं. समुद्रही खरा.

आम्ही माळशेज घाटमाथ्यावरच्या मढची माणसं. समुद्र आम्हाला कॅलेंडरवर भेटायचा. त्या वर्षी भाताची झोडणी आटोपली आणि दोघा भावांची बायका-पोरं, आई, असे सगळे एका जीपमध्ये कोंबून माळशेज उतरलो. दोन दिवसांची सहल. समुद्रावर पोहोचून बघतो तर वाळूच नाही. नुसता काळा कातळ, आणि त्याच्या भेगांत शिरून फुसफुसणारं पाणी. पोरं रडवेली झाली. मी मात्र म्हणालो, हे तर आपलंच — कातळ म्हणजे आपल्या घरचा! लहानपणी शेळ्यांमागे अनवाणी धावलेले आम्ही, आम्हाला कातळ कोण शिकवणार? शहाळीवाला ओरडून सांगत होता की भरती लागलीय, खाली जाऊ नका. त्याला मी हात हलवून गप्प केलं. आमच्याकडे दिवाळीनंतर कातळ कोरडा ठणठणीत असतो. समुद्राचा कातळ बारा महिने शेवाळलेला असतो, हे डोंगरातल्या माणसाच्या डोक्यात कसं यावं?

खाली कशाला जायचं होतं? आईला ओटी भरायची होती. घरून खण, नारळ आणि नव्या तांदळाची मूठ ओच्यात बांधून आणली होती तिने. आमच्या पुष्पावती नदीची ती दर वर्षी भरते. मी चेष्टा केली, "आई, समुद्र बाप्या आहे. त्याची कसली ओटी?"

"त्याची न्हाई रं, येड्या. समद्या नद्या त्याच्या घरी नांदायला आल्यात न्हवं? लेकीच्या दारी रिकाम्या हातानं येत्यात व्हय?"

आमची पुष्पावती घाटाला पाठ करून उगवतीला जाते, पार दुसऱ्याच समुद्राला मिळते. मला हे माहीत होतं. बोललो नाही. ते न बोलणं मी पापात धरत नाही.

पुढचं धरतो.

आईचा उजवा हात माझ्या हातात होता, डावा दत्तूच्या. बायका मागे, पोरांना आवरत होत्या. आम्ही तिघे खाली, शेवटच्या पायरीसारख्या एका कातळावर. आणि समोरून लाट येताना दिसली. गोष्टीत मी ती नारळाच्या झाडाएवढी सांगतो. कमरेएवढी होती. माणूस घट्ट उभा राहिला असता तर — पण उभा राहिलो का मी?

आईने माझा हात आवळला. भाकरी थापून थापून घट्ट झालेला हात तो. निसटला म्हणावं, तर तसा निसटणारा नव्हताच. मी दुसऱ्या हाताने तिची बोटं उलगडली. हो. एकेक करून. मग हातापायांवर, माकडासारखा, वर पळालो.

वर पोहोचून मागे पाहिलं. आईचा सगळा भार दत्तूवर गेला होता आणि दोघं आपटली होती. तो खाली, त्याच्या पाठीची सालटं निघालेली. तोंडात खारं पाणी, तरी त्याने आईचा डावा हात सोडला नव्हता. तिचा उजवा मोकळा होता. मोकळा हात माणूस टेकवणारच. तोच मनगटात मोडला.

मी काय करायचं होतं? खाली धावायचं होतं. मी वरूनच ओरडलो, "दत्त्या, काय केलंस रे हे! पाडलीस ना आईला!"

कुणी विचारलंही नव्हतं अजून.

आणि दत्तू खोकत खोकत म्हणाला, "चुकलं दादा. पाय सरकला माजा."

कळतंय ना? त्याला खरंच तसं वाटलं. भानावर येता येता जे पहिलं कानावर पडलं, ते त्याने मानलं. आजही मानतो. माझी पँट कोरडी होती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

नारायणगावच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, पण हाड वाकडंच बसलं. आईला आता भाकरी थापता येत नाही. आणि मी? पहिल्याच सणाला मी ही गोष्ट रंगवून सांगितली. लोक हसले. दाद मिळाली की माणूस मीठमसाला वाढवतो — मी दत्तूला गटांगळ्या खायला लावल्या, त्याच्या तोंडी "आई, तूच धर मला" घातलं. भाचरं त्याला 'बुडवेमामा' म्हणतात. तो हसून घेतो.

आईला माहीत आहे? माझी बोटं तिच्या बोटांवरूनच फिरली होती. ती कधी बोलली नाही. एकदा फक्त गोष्ट भरात असताना म्हणाली, "बास कर आता. जेवान जिरलं समद्यांचं." ते मी कौतुक समजलो होतो. की समजायचं ठरवलं होतं?

परवा पेठला बहिणीच्या नातवाचं बारसं होतं. आईला गाडीतून उतरवायचं होतं. दाराशी दत्तूच उभा होता. आईने त्याच्यापुढे हात केला. तो मागे सरला.

"दादा, तू धर. माज्या हाताला यश न्हाई."

आजूबाजूचे हसले. ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे ना! आईने हात तसाच त्याच्यापुढे धरून ठेवला, बराच वेळ. दत्तू खाली बघत राहिला. मग मी पुढे झालो आणि तिला उतरवून घेतलं. "थोरल्याचा आधार हाय म्हातारीला," कुणीतरी म्हणालं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर आग्रह झाला, आणि मी तीच गोष्ट सांगितली. दत्तू पंगतीतल्या पत्रावळ्या उचलत होता. सगळ्यांबरोबर तोही हसला.