पूर्वेकडचा वळणरस्ता

आमच्या संगमनेरच्या व्यापारी असोसिएशनचा विकासाला कायम पाठिंबा असतो. फक्त तो पेठेतल्या दुकानांच्या पायऱ्यांना हात न लावता व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं. आमचे हे त्या असोसिएशनचे अध्यक्ष. शहराच्या नव्या विकास आराखड्यात पेठेचा रस्ता रुंद करायचं आलं, तेव्हा बैठक साहजिकच आमच्या दिवाणखान्यात भरली.

रुंदीकरणाला विरोध, हे चहा यायच्या आतच ठरलं. पण नुसता विरोध केला तर आपण विकासाच्या आड येतोय असं दिसेल, म्हणून पर्याय सुचवायचा होता. टीपॉयवर पसरलेल्या नकाशावर कुणीतरी पेन्सिलीनं पूर्वेकडून वळणरस्ता काढला. "तिकडं काय, मोकळं रानच आहे," एक जण म्हणाले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन तिथेच उभी होते. रेघ कालव्याची चारी ओलांडून एका विहिरीला खेटून गेली. ती विहीर माझ्या माहेरची. त्या मोकळ्या रानात माझा धाकटा भाऊ टोमॅटो लावतो आणि त्याचं घर त्यावरच चालतं.

"वहिनी, पोहे झकास झालेत," तेच गृहस्थ म्हणाले. मी विचारलं, "आणखी वाढू?" एवढंच बोलले मी त्या बैठकीत. आठवलं की अजून कान तापतात.

सगळे गेल्यावर मी ह्यांना विहिरीचं सांगितलं. "ती असोसिएशनची भूमिका आहे, माझी नाही," हे म्हणाले. "आणि मोबदला मिळतोच की." नगरपालिकेला गेलेल्या त्या भूमिकेच्या पत्राखाली सही मात्र ह्यांचीच होती. वाद घालावा तर घरातली शांतता जाणार, आणि ती मला फार लागते. मी बश्या विसळायला गेले.

नगरपालिकेनं ती सूचना उचलली. सुधारित आराखडा जाहीर झाला, त्यावर हरकती मागवल्या. मी भावाला फोन करून सांगितलं, मुदत आहे तोवर हरकत घे. "व्हय, ऐकलंय," एवढंच तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. आपण आपलं काम केलं, आता तो बघेल.

मुदत संपली. आमच्या रानाबद्दल एकही हरकत आली नाही, हे मला ह्यांच्याच तोंडून कळलं. "बघ, तुझ्या भावालाही मान्य आहे," असं म्हणाले. मला भावाचा असा राग आला म्हणून सांगू! तडक माहेर गाठलं. तो टोमॅटोच्या वेली सुतळीनं तारेला बांधत होता. बांधावरूनच मी त्याला फैलावर घेतलं. एवढा कसा रे आळशी, एक अर्ज द्यायला काय झालं होतं तुला?

त्यानं बोलू दिलं. मग म्हणाला, "ताई, कागदावर दाजींची सही हुती. मी हरकत घेतली असती तर लोक म्हनले असते, मेव्हणाच इरोधात गेला. तुला त्या घरात लई जड गेलं असतं."

"म्हणून रान घालवायचं?"

"न्हाई. सातबाऱ्यावर तुझंबी नाव हाय की. म्हनलं, हरकत घ्यायची तर ताई घेईल. मी वाट बघत हुतो."

वडील गेल्यावर अख्खी भावकी त्याला सांगत होती, बहिणीकडून हक्कसोड लिहून घे. त्यानं घेतली नव्हती. ताईचा तुकडा ताईचाच राहील, म्हणाला होता. आणि मला इतक्या दिवसांत ते रान माझंही आहे, हे एकदाही सुचलं नव्हतं. ज्याला आळशी म्हटलं, त्याच्यासमोर मान वर करवेना.

जेवून जा म्हणत होता. थांबले नाही.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणाला भाऊ?"

"काही नाही," मी म्हणाले.